ओहमचे मंडल आणि वर्गातील मंडल

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात विद्युत्‌मंडलाचे प्रकरण उघडले की प्रथम तीन राशींच्या व्याख्या भेटतात : विभवांतर, प्रवाह आणि रोध. त्यांना जोडणारे सूत्र मागोमाग येते, मग एकसर आणि समांतर जोडण्या, आणि अखेरीस उदाहरणे. हा क्रम शिक्षकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की विषयाची वाढही याच क्रमाने झाली असावी असा समज सहज होतो. वस्तुतः तसे घडलेले नाही. ज्याच्या नावाने हे सूत्र चालते त्या गेओर्ग झिमॉन ओहम याच्या १८२६ सालच्या निबंधात विभवांतर ही राशी आजच्या अर्थाने आढळत नाही. व्होल्टमापक तर त्या काळी अस्तित्वातच नव्हता. बंद मंडल समग्र घेतले असता त्याचे वर्तन कसे असते, हे सांगणारा नियम ओहमला सापडला होता. तारेच्या एका तुकड्याचा नियम ही त्यातून मागाहून निघालेली गोष्ट होय. समग्राचा नियम वर्गात येता येता अंशाचा कसा झाला, आणि त्या स्थित्यंतरात विद्यार्थ्याच्या हातून काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्होल्टाने आपल्या चळतीचे वर्णन १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. दोन निराळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांच्या दरम्यान खाऱ्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे, अशी ती रचना होती. पुढील दोन दशकांत या चळतीवर झालेले काम पाहिले तर त्यात दोन वेगळे प्रवाह दिसतात. चळतीची टोके मोकळी ठेवली तर विद्युत्‌दर्शकाची पाने किंचित फाकत. यास 'ताण' म्हणत. टोके तारेने जोडली की तार तापे, पाण्याचे विघटन होई, परंतु विद्युत्‌दर्शक जवळजवळ निश्चल राही. सारांश, ताण दिसतो तेव्हा प्रवाह नसतो आणि प्रवाह वाहू लागला की ताण मावळतो, अशीच सर्वांची समजूत होती. अँपिअरने १८२० साली या दोन संज्ञांमधला भेद स्पष्ट केला आणि घटाच्या पोटातूनही प्रवाह वाहतो हे चुंबकसूचीच्या साहाय्याने दाखविले. हे त्याचे कार्य मोठे आहे. परंतु त्याच्याही मनात त्या दोन परस्परांना वगळणाऱ्या अवस्था होत्या. एकाच तारेत, एकाच वेळी, दोन्ही राशी नांदत असून त्यांचे प्रमाण निश्चित आहे, ही कल्पना त्या मांडणीत बसण्यासारखीच नव्हती.

त्याच वर्षी, म्हणजे १८२० साली, ओर्स्टेडने तारेजवळील चुंबकसूची वळते हे जाहीर केले. त्याच्या लॅटिन पत्रकाच्या शीर्षकातच तारेत चाललेल्या घटनेला 'विद्युत्‌संघर्ष' म्हटले आहे : धन आणि ऋण विद्युत् दोन टोकांकडून येऊन तारेत एकमेकींशी झगडतात, असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होते. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटेल. ओर्स्टेडच्या शोधाने एक व्यावहारिक लाभ असा झाला की प्रवाहाचे माप घेण्यास सूची हाती आली, आणि श्वायगरने तारेचे अनेक वेढे घेऊन त्या सूचीचा परिणाम वाढविला. त्यापूर्वीचे मापन किती अवघड होते हे पाहावयाचे तर हेन्री कॅव्हेंडिशकडे वळावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने निरनिराळ्या द्रावणांच्या वाहकतेची तुलना केली ती स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तीव्रता ताडून. त्याच्या या वह्या मॅक्सवेलने १८७९ साली प्रसिद्ध केल्या. तोवर त्यांचा कोणालाही उपयोग झाला नव्हता.

ओहम हा व्यवसायाने शाळामास्तर होता, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात; प्रस्तुत लेखकास ती मध्यवर्ती वाटते. एर्लांगेन येथील एका कुलूपकाराचा हा मुलगा १७८९ साली जन्मला. बापाने स्वतः शिकून मुलांना गणित शिकविले. धाकटा मुलगा मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपास आला. गेओर्गने विद्यापीठ मध्येच सोडले, स्वित्झर्लंडमध्ये शिकवण्या केल्या, परत येऊन १८११ साली पदवी घेतली आणि बांबेर्गच्या शाळेत नोकरी धरली. त्याचा पहिला ग्रंथ विद्युतेविषयी नाही. तो आहे भूमिती कशी शिकवावी याविषयी, १८१७ साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्याने सिद्धान्त पाठ न करता ते स्वतःच्या बुद्धीने उभे करावेत, हा त्याचा आग्रह. त्याच वर्षी कोलोन येथील जुन्या जेझुइट विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी त्याची नेमणूक झाली. तेथील उपकरणांचा संग्रह चांगला होता. जे संशोधन पुढे सर्व जगातील वर्गांत शिकविले गेले, ते अशा रीतीने एका शाळेच्याच उपकरणांवर झाले.

त्याचा पहिला निबंध १८२५ सालचा. आणि तो चुकीचा आहे. तारेची लांबी वाढविली असता चुंबकसूचीवरील परिणाम किती घटतो हे त्याने मोजले आणि एक लघुगणकीय सूत्र मांडले. चूक कोठून आली हे सांगणे सोपे आहे. त्याचा घट रासायनिक होता. प्रवाह सुरू होताच अशा घटाचे बळ खचू लागते आणि थोडी विश्रांती मिळताच पुन्हा वाढते. मोजावयाची वस्तू आणि मोजण्याचा आधार दोन्ही हलत असतील तर नियम कसा सापडावा? स्थिर बळाचा डॅनिएलचा घट यावयास १८३६ साल उजाडावे लागले. पोगेन्डॉर्फने सुचविले की रासायनिक घट बाजूस ठेवून तपयुग्म वापरावे. झेबेकने थोड्याच वर्षांपूर्वी दाखविले होते की दोन धातूंच्या सांध्यांचे तापमान निरनिराळे राखले तर मंडलात प्रवाह वाहतो. ओहमने बिस्मथच्या कांबीला दोन्ही टोकांस तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर प्रेरणा तसूभरही ढळणार नाही. प्रवाह मोजण्यासाठी चुंबकसूची सोन्याच्या चपट्या तारेने टांगली आणि वळलेली सूची मूळ जागी आणण्यास तिला किती पीळ द्यावा लागतो ते वाचले.

मग त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक मंडलात घातल्या. लांबी इंचांत : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३०. जानेवारी १८२६ मधील एका दिवसाच्या वाचनांपैकी काही येथे देतो. २ इंचांस ३२६¾, ६ इंचांस २७७¾, १८ इंचांस १९०¾, ३४ इंचांस १३४½, आणि १३० इंचांस ४८½. तार पासष्टपट लांब केली, तरी परिणाम पासष्टावा हिस्सा झाला नाही. तो सुमारे सातव्या हिश्श्यावर आला. येथे ज्याला 'प्रवाह लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो' एवढेच ठाऊक आहे त्याची गाडी अडते. ओहमने सूत्र मांडले ते असे :

प्र = अ ÷ (ब + ल)

येथे ल ही घातलेल्या तारेची लांबी. अ आणि ब हे त्या मंडलापुरते स्थिरांक. त्या दिवसाच्या वाचनांस अ = ७२८५ आणि ब = २०¼ घेतले असता सूत्र लागू पडते. ल = १८ घातल्यास १९०½ येतात, ल = ३४ घातल्यास सुमारे १३४¼, ल = १३० घातल्यास ४८½. विद्यार्थ्याने हा आकडेमोडीचा प्रयोग एकदा स्वतः करून पाहावा. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतील नीटनेटकेपणा त्याशिवाय जाणवत नाही.

या सूत्रातील मर्म ब मध्ये आहे. तो घातलेल्या तारेचा नाही. तारेखेरीज उरलेल्या मंडलाचा, म्हणजे बिस्मथची कांब, तांब्याच्या पट्ट्या आणि सांधे या सर्वांचा मिळून होणारा रोध तो सांगतो, आणि तोही 'इतके इंच तांब्याची तार' अशा मापात. ओहमने पुढे उकळत्या पाण्याऐवजी एक सांधा खोलीच्या तापमानास ठेवून पाहिले. अ पुष्कळच घटला. ब होता तेथेच राहिला. अशा प्रकारे प्रेरणा ही एक गोष्ट आणि वाट अडविणारी ती दुसरी, हे पृथक्करण प्रयोगानेच पदरात पडले. आणि त्याहून महत्त्वाचे असे की प्रवाह किती असावा हे एकटा घट ठरवीत नाही, एकटी तारही ठरवीत नाही. मंडलात कोठेही बदल करा, प्रवाह सर्वत्र बदलतो. ओहमने १८२७ साली बर्लिनमध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या नावात मंडलासाठी योजलेल्या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ 'साखळी' असा आहे. आपल्या 'मंडल' या शब्दात वाट बंद असल्याचे सूचन चांगले आहे; परंतु एक कडी ओढली की सर्व साखळी हलते, ही छटा त्या जर्मन शब्दात अधिक आहे.

या ग्रंथाच्या उपेक्षेची कथा बहुतेक पुस्तकांत रंगवून सांगितलेली असते. जर्मनीतील काही तत्त्वज्ञानप्रिय पंडितांनी त्यावर कठोर टीका केली हे खरे, आणि कोलोनची जागा सोडून ओहमला बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर वर्षे काढावी लागली हेही खरे. न्यूरेंबेर्गच्या तंत्रविद्यालयात त्यास जागा मिळाली ती १८३३ साली. परंतु फेक्नरने १८३१ सालीच विस्तृत मापने करून नियमास पुष्टी दिली होती. तेव्हा सर्वांनीच पाठ फिरविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. उपेक्षेचे खरे कारण ग्रंथाच्या मांडणीत अधिक आहे. ओहमने फूर्येच्या उष्णतावहनाच्या गणिताचा आदर्श समोर ठेवला आणि ताणाची कल्पना त्या साच्यात ओतली. प्रयोग मागे राहिला, समीकरणे पुढे आली. ताण म्हणजे नेमके काय, हे त्या ग्रंथात सदोषच राहिले. तो दोष किर्खोफने १८४९ साली काढला, ओहमची ती राशी म्हणजेच स्थिर विद्युतेतील विभव होय असे दाखवून. याच किर्खोफने १८४५ साली, कोनिग्जबेर्गला विद्यार्थी असतानाच, शाखायुक्त मंडलांचे आपले दोन नियम मांडले होते. विभवांतर ही संज्ञा पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर बसली आहे. इतिहासात तिला ओहमच्या प्रयोगानंतर तेवीस वर्षांनी निश्चित अर्थ लाभला.

ओहमचा नियम माहीत नसल्यामुळे काय होत असे, याचे एक उदाहरण तारायंत्राच्या पूर्वेतिहासात सापडते. इंग्लंडमध्ये पीटर बार्लोने १८२५ साली सुमारे २०० फूट तारेतून प्रवाह पाठवून पाहिला, सूचीवरील परिणाम फारच घटलेला आढळला, आणि विद्युत् तारायंत्र अव्यवहार्य असल्याचा निष्कर्ष त्याने काढला. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३१ साली हजार फुटांहून अधिक लांबीची तार घेतली. एकाच घटावर त्यालाही बार्लोसारखेच उत्तर मिळाले. परंतु अनेक पत्रांचा द्रोणीघट जोडताच लोहचुंबकाचे बळ लांब तारेतूनही टिकून राहिले. हेन्रीने यावरून घटांचे आणि वेढ्यांचे दोन प्रकार कल्पिले आणि कोणता कोणाशी जुळतो याचे व्यावहारिक नियम बसविले. ओहमचे सूत्र हाती असते तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता : पंचवीस घट एकसर जोडले की अ पंचवीसपट होतो आणि घटांच्या अंतर्गत रोधामुळे ब देखील तितकाच वाढतो, मग त्या मोठ्या ब पुढे हजार फूट तारेची मातब्बरी ती काय? हेन्री ओहमच्या सिद्धान्ताविषयी मित्राकडे चौकशी करताना दिसतो तो १८३४ साली. आणि हा हेन्रीही अल्बनी येथील एका विद्यालयात गणित शिकविणारा शिक्षक होता. संशोधनास त्याला सुट्टीतलाच काय तो अवकाश मिळे.

इंग्रजी जगतात ओहमचा प्रवेश १८४१ साली झाला. त्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ली पदक दिले आणि ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्याच सुमारास छापले गेले. दोन वर्षांनी व्हीट्स्टनने आपल्या व्याख्यानात ओहमचे सूत्र विशद करून रोध मोजण्याच्या पद्धती दाखविल्या. ज्या सेतूला आपण व्हीट्स्टनचे नाव देतो तो मूळ ख्रिस्टीचा, १८३३ सालचा. व्हीट्स्टनने ते श्रेय स्वतःच दिले आहे, पाठ्यपुस्तकांनी मात्र दिलेले नाही. येथून पुढे सूत्राचे आश्रयदाते बदलले. तारायंत्राच्या कंपन्यांना तुटलेल्या तारेचे ठिकाण शोधावयाचे होते, आणि १८५८ साली अटलांटिकच्या तळावर घातलेली तार काही आठवड्यांतच मुकी झाल्यावर तर काटेकोर मापनाची निकड सर्वांस पटली. ब्रिटिश असोसिएशनची रोधमापनविषयक समिती १८६१ साली नेमली गेली. त्याच वर्षी क्लार्क आणि ब्राइट यांनी राशींच्या एककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची सूचना केली. गंमत अशी की ओहमचे नाव त्यांनी ताणाच्या एककासाठी योजले होते आणि व्होल्टाचे रोधासाठी. पॅरिसच्या १८८१ सालच्या परिषदेत आजची व्यवस्था मान्य झाली. समितीचे काम अत्यंत मोलाचे आहे. परंतु तिच्या प्रभावाने रोध ही मंडलातून वेगळी काढून पेटीत बंद करता येणारी वस्तू झाली, हेही नोंदविले पाहिजे.

वर्गात विद्यार्थ्याने स्वतः प्रयोग करावयाचा ही प्रथा याच काळात रुजली. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे फ्रेडरिक गथ्रीने १८७० नंतरच्या दशकात शिक्षकांचे वर्ग चालविले, त्यांत शिक्षक आपली उपकरणे लाकूड, काच आणि तार यांपासून स्वतःच बनवीत. विल्यम एर्टनचा मार्ग अधिक बोलका आहे. ग्लासगोला टॉमसनच्या हाताखाली शिकून तो भारतातील सरकारी तारखात्यात आला, तारांतील दोष शोधण्याचे काम त्याने येथे केले, १८७३ साली तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक झाला, आणि पुढे लंडनच्या फिन्सबरी तंत्रविद्यालयात शिकवू लागला. त्याने आणि जॉन पेरी याने १८८० नंतरच्या काही वर्षांत सुटसुटीत अँपिअरमापक आणि व्होल्टमापक तयार केले. ही दोन उपकरणे शाळेच्या मेजावर आली आणि धड्याची रचनाच पालटली. तारेच्या तुकड्यास समांतर एक मापक, त्याच्याशी एकसर दुसरा. दोन वाचनांचे गुणोत्तर स्थिर राहते. झाला ओहमचा नियम सिद्ध. प्रयोग सुबक आहे, अर्ध्या तासात आटोपतो, आणि परीक्षेस सोयीचा आहे. परंतु ओहमच्या सूत्रातील ब आता धड्याच्या शेवटी, 'घटाचा अंतर्गत रोध' या एका पोटकलमात जाऊन बसला.

याची किंमत काय, हे अलीकडच्या चार दशकांतील शिक्षणविषयक संशोधनाने दाखविले आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील मॅक्डर्मॉट आणि शॅफर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला प्रश्न आता सर्वश्रुत आहे. पाच सारखे दिवे आणि तीन सारखे आदर्श घट : पहिल्या घटावर एकच दिवा, दुसऱ्यावर दोन दिवे एकसर, तिसऱ्यावर दोन समांतर. दिव्यांचा प्रकाश उतरत्या क्रमाने लावा. एकटा दिवा आणि समांतर जोडलेले दोन्ही दिवे सारखेच तेजस्वी, एकसर जोडलेले दोन मंद, हे उत्तर. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांपैकी ते अचूक देणारे सुमारे १५ टक्केच निघाले, आणि नेहमीच्या अध्यापनाने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. इस्रायलमध्ये कोहेन, एलॉन आणि गनिएल यांना १९८३ सालीही असेच आढळले होते की घट म्हणजे ठराविक प्रवाह पुरविणारी वस्तू, अशी विद्यार्थ्यांची दृढ समजूत असते. न्यूझीलंडमधील मुलांच्या मुलाखतींतून ऑस्बर्न यांना आणखी एक चित्र मिळाले : घटाच्या दोन टोकांकडून दोन प्रवाह निघतात आणि दिव्यात त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो. ओर्स्टेडचा विद्युत्‌संघर्ष तो हाच!

अशा साम्यावर फार भार टाकणे योग्य नाही. मूल हे लहान ओर्स्टेड नव्हे, आणि मानवजातीने चढलेली प्रत्येक पायरी विद्यार्थ्याने पुन्हा चढलीच पाहिजे हे मत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. परंतु 'घट ठराविक प्रवाह देतो' ही चूक निराळ्या जातीची आहे. ज्याने तुकड्याचा नियम तोंडपाठ केला आहे तोच ती बिनदिक्कत करतो, कारण त्या नियमात घटाला स्थानच नाही. दिव्यांच्या प्रश्नात सूत्र आठवत नाही म्हणून कोणी अडत नाही. मंडलात एका जागी केलेल्या फेरबदलाने दुसऱ्या जागचा प्रवाहही बदलावा, हे त्याला अन्याय्य वाटते म्हणून तो अडतो. दिव्याला प्रवाह 'पोचेपर्यंत' पुढे काय आहे हे प्रवाहाला कसे कळणार, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो. तो प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्याचे पुरे उत्तर तारेच्या पृष्ठभागावर साठणाऱ्या विद्युत्‌भारांत आहे, आणि किर्खोफच्या १८४९ सालच्या निबंधापासून ते उपलब्ध आहे. पदवीपूर्व पाठ्यपुस्तकांत ते क्वचित आढळते.

अध्यापनाच्या दृष्टीने एक साधा प्रयोग सुचवितो. विद्यार्थ्यांच्या हाती व्होल्टमापक देण्यापूर्वी ओहमचे कोष्टक द्यावे, आणि प्रत्येक वाचनाचा व्यस्तांक तारेच्या लांबीसमोर आलेखावर मांडावयास सांगावे. बिंदू एका सरळ रेषेत येतात. पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढविली तर लांबीचा अक्ष शून्याच्या डावीकडे, सुमारे वीस इंचांवर छेदते. तेव्हा वर्गात कोणीतरी हटकून विचारतो की मेजावर नसलेली ही वीस इंच तार कोणाची. उत्तर देण्यापूर्वी शिक्षकाने थोडे थांबावे आणि बिस्मथच्या कांबीचे चित्र फळ्यावर काढावे.